सोबत येणाऱ्याचा पत्ता

जोडीदाराला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली आणि तिच्यासाठी बिऱ्हाड हलवायचे ठरले की त्या कुटुंबापुढे दोन स्वतंत्र प्रश्न उभे राहतात: ती नोकरी स्वीकारावी का, आणि नव्या शहरात राहावे कोठे. पहिल्या प्रश्नावर पगार, बढती, मुलांचे शिक्षण, वृद्ध आईवडिलांची काळजी अशा अनेक अंगांनी दिवसेंदिवस खल होतो. दुसरा प्रश्न मात्र बहुधा एखाद्या शनिवार-रविवारी, कार्यालयापासूनचे अंतर आणि भाड्याचा आकडा एवढ्या दोनच कसोट्या लावून उरकला जातो. ज्याची नोकरी त्याच्या सोयीचे घर, हा न्याय इतका स्वाभाविक वाटतो की तो एक निर्णय आहे हेच लक्षात येत नाही. वस्तुतः हा न्याय तपासून पाहण्याची आणि बहुतेक वेळा तो उलटा करण्याची गरज आहे. नोकरीवर रुजू होणाऱ्या व्यक्तीला नव्या शहरात पहिल्याच दिवशी बसायला जागा, बोलायला सहकारी आणि सांगायला हुद्दा मिळतो. सोबत आलेल्या जोडीदाराला यातले काहीही आयते मिळत नाही. त्याने किंवा तिने जे मागे सोडले ते पुन्हा उभे करण्यासाठी कुटुंबाच्या हातात फारच थोडी साधने असतात, आणि घराचा पत्ता हे त्यांतले सर्वांत परिणामकारक साधन होय. म्हणून त्या पत्त्यावर पहिला हक्क सोबत येणाऱ्याचा असला पाहिजे.

सोबत येणाऱ्या व्यक्तींची संख्या लहान नाही. ती आकडेवारीत दिसत मात्र नाही. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाने 2020-21 मध्ये स्थलांतराची जी मोजणी केली, तिच्यानुसार देशातील 47.9 टक्के स्त्रिया आणि 10.7 टक्के पुरुष स्थलांतरित होते, आणि स्थलांतरित स्त्रियांपैकी 86.8 टक्के स्त्रियांच्या बाबतीत स्थलांतराचे कारण विवाह हे नोंदले गेले. भारतात घर बदलणे हा प्रामुख्याने स्त्रियांचा अनुभव आहे, एवढे या आकड्यांवरून उघड होते. विवाहानंतर काही वर्षांनी पतीच्या नोकरीपायी पुन्हा गाव सोडावे लागते तेव्हा कारणांची यादी अपुरी पडू लागते. जनगणनेत स्थलांतराच्या कारणांमध्ये रोजगार, व्यवसाय, शिक्षण, विवाह यांच्याबरोबर ‘कुटुंबासोबत स्थलांतर’ असाही एक रकाना असतो. स्वतःची नोकरी सोडून आलेली शिक्षिका, शिकवणीवर्ग बंद करून आलेली संगीतशिक्षिका आणि आईवडिलांचे बोट धरून आलेले चार वर्षांचे मूल हे सारे या एकाच रकान्यात जमा होतात. कोणी काय सोडले याची नोंद ठेवण्याची सोय त्या रकान्यात नाही, आणि धोरणे आखणाऱ्यांसमोर हाच रकाना जातो.

अर्थशास्त्राने या सोडण्याची दखल 1978 साली घेतली. कुटुंबांच्या स्थलांतरावरील आपल्या निबंधात जेकब मिन्सर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने असे मांडले की कुटुंब जेव्हा एकत्रितपणे हलते तेव्हा ते एकूण लाभाचा हिशेब करते. एकाचा फायदा दुसऱ्याच्या नुकसानीपेक्षा मोठा असला की हलणे कुटुंबाच्या हिताचे ठरते. एकटी असती तर जी व्यक्ती हललीच नसती, तरीही जोडीदारामुळे हलली, तिला मिन्सरने ‘बांधील स्थलांतरित’ म्हटले. आणि एकटी असती तर जी गेली असती, पण जोडीदारामुळे राहिली, तिला ‘बांधील रहिवासी’. या मांडणीचे महत्त्व असे की एकूण बेरीज अधिक असतानाही तिच्या पोटात एका व्यक्तीची वजाबाकी असू शकते, हे तिने स्पष्ट केले. एकाचा पगार दरमहा चाळीस हजारांनी वाढला आणि दुसऱ्याचा पंचवीस हजारांचा पगार बंद झाला, तर कुटुंब पंधरा हजारांनी पुढे गेले असे कागदावर दिसते. त्या कागदावर दुसऱ्याची सेवाज्येष्ठता, ओळखीचे वर्तुळ, स्वतःच्या नावाचे बँक खाते भरत राहण्याची सवय आणि पुढेमागे पुन्हा नोकरी शोधताना नडणारा खंड यांपैकी काहीही नसते. एकूण लाभ झाला असेल तर त्यातून नुकसान सोसणाऱ्याची भरपाई होणे न्यायाचे आहे. आणि ही भरपाई केवळ पैशांत होत नाही, कारण जे गमावले ते केवळ पैशांचे नसते.

महाराष्ट्राला नोकरीसाठीचे स्थलांतर नवे नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कोकण आणि घाटावरून माणसे ओढून घेतली, परंतु त्या काळचा सर्वसाधारण तोडगा वेगळा होता: पुरुष मुंबईला, बायको-मुले गावाला. चाळीतली एक खोली अनेक पुरुष वाटून घेत, जेवणाची सोय खानावळीत होई, आणि रत्नागिरी-सावंतवाडीकडच्या घरांचे अर्थकारण मनीऑर्डरवर चाले. गावी राहिलेली स्त्री शेती, गुरे, सासू-सासरे आणि सणवार सांभाळून त्या स्थलांतराची निम्मी किंमत भरत होती. तिने कोठे राहायचे हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नाही, कारण मुंबईत कुटुंबाला पुरेल असे घर कामगाराच्या मजुरीत मिळत नव्हते. पुढे बदलीच्या सरकारी नोकऱ्यांनी नवे वळण आणले. कुटुंब बरोबर जाऊ लागले, मात्र घर बहुधा सरकारी वसाहतीत ठरलेले असे, त्यामुळे निवडीला वाव नव्हता. त्या बदल्यात शेजार आयता मिळे, कारण वसाहतीतले प्रत्येक घर कोठून तरी बदलून आलेले असे. आजच्या खासगी नोकरीच्या स्थलांतरात निवडीला पूर्ण वाव आहे आणि आयता शेजार मात्र नाही. म्हणूनच निवडीचे ओझे पूर्वी कधी नव्हते एवढे वाढले आहे.

कुटुंबाने कोठे राहायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला कायद्यानेही दीर्घकाळ एकच उत्तर गृहीत धरले होते. 1884 साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दादाजी भिकाजी यांनी आपली पत्नी रखमाबाई यांच्यावर वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी, म्हणजे पत्नीने आपल्या घरी येऊन नांदावे असा आदेश मिळवण्यासाठी, दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, पण अपिलानंतर 1887 मध्ये रखमाबाईंना पतीच्या घरी जाण्याचा अथवा सहा महिने तुरुंगवास पत्करण्याचा आदेश झाला, आणि त्यांनी तुरुंगवासाची तयारी दाखवली. त्यांचा लढा मूलतः बालपणी संमतीविना झालेल्या विवाहाविरुद्ध होता; तथापि ज्या कायदेशीर उपायाशी त्या झगडल्या, तो पुढे 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये कायम राहिला. एका ठिकाणी नोकरी करणारी पत्नी आणि दुसऱ्या ठिकाणी असलेला पती यांच्यात हे कलम कसे लावायचे, यावर सत्तरच्या दशकात दोन उच्च न्यायालयांनी परस्परविरोधी उत्तरे दिली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने कैलास वती प्रकरणात, शिक्षिका असलेल्या पत्नीने नोकरीसाठी वेगळे राहण्याचा आग्रह धरणे हे पतीसोबत राहण्याच्या कर्तव्याविरुद्ध असल्याचे मानले. 1978 मध्ये स्वराज गर्ग प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने याच्या अगदी उलट भूमिका घेतली: पत्नी पंजाबातील सुनाम येथे शिक्षकी पेशात स्थिर होती, पती दिल्लीत होता, आणि वैवाहिक घराचे ठिकाण ठरवण्याचा अधिकार केवळ पतीचा आहे असा कोणताही सर्वसाधारण नियम कायद्यात नाही, दोघांच्या परिस्थितीचा विचार करूनच ते ठरले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. हा निकाल लागून आज पाच दशके होत आली. तरी घर शोधायला निघालेली कितीतरी कुटुंबे अजून पहिल्या निकालाच्या गृहीतकावर चालतात, आणि तसे चालत आहोत याची त्यांना जाणीवही नसते.

शासनाने मात्र आपल्या कर्मचाऱ्यांपुरता हा प्रश्न ओळखला आहे. पती आणि पत्नी दोघेही सरकारी सेवेत असतील तर त्यांना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे, असे केंद्र सरकारने 1986 पासून सांगितले आणि 2009 मध्ये त्या सूचना अधिक बळकट केल्या. महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा शब्दप्रयोग प्रत्येक शिक्षक-कुटुंबाच्या तोंडी असतो, आणि दोघांच्या शाळांमधील अंतर 30 किलोमीटरपेक्षा अधिक असेल तर त्यांना विशेष संवर्गातून बदली मागता येते. यातील विचार महत्त्वाचा आहे: दोघांच्याही कामाला किंमत आहे, आणि एकत्र राहणे म्हणजे एकाने दुसऱ्याच्या गावी येऊन काम सोडणे नव्हे, हे येथे नियमानेच मान्य केले आहे. खासगी क्षेत्रात असा नियम नाही. तेथे एकत्रीकरण करायचे ते कुटुंबानेच, आणि त्याचे प्रमुख हत्यार म्हणजे घराची जागा.

जागेच्या निवडीचा शास्त्रीय विचार विल्यम अलोन्सो याने 1964 मध्ये मांडला, आणि नागरी अर्थशास्त्रातील बरीचशी पुढची इमारत त्याच पायावर उभी आहे. शहराच्या केंद्रापासून जितके दूर जावे तितके भाडे कमी होते आणि प्रवासाचा खर्च वाढतो. प्रत्येक कुटुंब या दोहोंचा मेळ बसेल अशा अंतरावर घर घेते, हे त्याचे सार. या सिद्धांतात एक केंद्र आहे, आणि त्या केंद्राकडे जाणारा घरातला एक जण आहे. पुण्यासारख्या शहराला हे चित्र लागू पडत नाही. पश्चिमेला हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान, पूर्वेला खराडी, आग्नेयेला हडपसर-मगरपट्टा, उत्तरेला चाकणचा वाहन-उद्योग, आणि शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, वकिली, प्रकाशन, नाटक यांचे जुने जग मात्र मध्यवस्तीत, असे हे अनेक केंद्रांचे शहर आहे. हिंजवडी आणि खराडी यांच्यातच 25 ते 30 किलोमीटरचे अंतर पडते. हिंजवडीत नोकरी मिळालेल्याचे कुटुंब माण किंवा मारुंजीच्या बाजूला नव्या इमारतीत राहायला गेले तर त्याचा प्रवास दहा-पंधरा मिनिटांवर येतो हे खरे. पण सोबत आलेल्या जोडीदाराला जर शाळेत शिकवायचे असेल, न्यायालयात उभे राहायचे असेल किंवा दवाखान्यात काम करायचे असेल, तर तिची सगळी संभाव्य कामे शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतात. तिला अजून नोकरी नाही म्हणून तिचा प्रवास हिशेबात धरला जात नाही, आणि घर दूर म्हणून मिळू शकणारी नोकरी ती अर्जाआधीच नाकारते. पत्ता असा रोजगाराचा निर्णय परस्पर घेऊन टाकतो.

नोकरी करायची नसेल तरीही पत्त्याचे महत्त्व कमी होत नाही. शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलातील साधा कामाचा दिवस पाहावा. सकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळात शाळेच्या बसगाड्या आणि कार्यालयांच्या मोटारी बाहेर पडतात. त्यानंतर अकराच्या सुमारास आवारात सुरक्षारक्षक, घरकामाला आलेल्या बायका, पाण्याचा टँकर रिकामा करणारा माणूस आणि नातवंडांना सांभाळायला आलेले काही आजी-आजोबा एवढेच उरतात. फाटकाबाहेर वेगाने वाहने जाणारा रस्ता, त्याला सलग पदपथ नाही; भाजी फोनवरून मागवायची, औषधही फोनवरूनच; बसचा थांबा असला तरी बस कधी येईल याचा भरवसा नाही. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे समाविष्ट झाली, परंतु हद्द सरकली त्या वेगाने नळ, गटारे आणि बसमार्ग सरकलेले नाहीत. अशा ठिकाणी नव्याने आलेल्या व्यक्तीला माणसे भेटण्याचे निमित्तच मिळत नाही. याउलट कोथरूड, सदाशिव पेठ, चिंचवडगाव किंवा निगडी-प्राधिकरणासारख्या रुळलेल्या वस्तीत मंडई, वाचनालय, पिठाची गिरणी, बँक, देऊळ, व्यायामशाळा आणि गाण्याचा क्लास ही सारी ठिकाणे पायी गाठता येतात, आणि त्याच त्या वेळी तीच ती माणसे पुन्हा पुन्हा दिसल्याने ओळखी आपोआप होतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर याने 1973 मध्ये दाखवून दिले की नोकरीची बातमी जिवलग मित्रांपेक्षा बहुधा अशा तोंडओळखीच्या माणसांकडून कळते, कारण त्यांचे वर्तुळ आपल्यापेक्षा वेगळे असते. तोंडओळखी ज्या वस्तीत होतात तेथे राहणे हा म्हणूनच चैनीचा भाग ठरत नाही. नव्याने उभे राहू पाहणाऱ्या माणसाचे ते भांडवल आहे.

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो टाळता कामा नये. रोजच्या लांब प्रवासाची किंमत नोकरी करणाऱ्याला मोजावी लागते, आणि ती लहान नसते. अलॉइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील दीर्घकालीन सर्वेक्षणाच्या आधारे असे दाखवले की लांब प्रवास करणारे लोक आयुष्याविषयी कमी समाधानी असतात, आणि चांगले घर वा जादा पगार यांनी ही उणीव पूर्ण भरून निघत नाही. थकलेला माणूस घरी येतो तेव्हा त्या थकव्याचा भार सगळ्या घरावर पडतो. त्यामुळे नोकरी करणाऱ्याने कितीही प्रवास सोसावा असे कोणी म्हणू नये. प्रवासाची एक सोसवेल अशी कमाल मर्यादा आधी ठरवावी, आणि त्या मर्यादेच्या आत येणाऱ्या सर्व वस्त्यांमधून निवड करताना मात्र सोबत आलेल्याची गरज निर्णायक मानावी. दहा मिनिटांच्या ऐवजी चाळीस मिनिटे प्रवास केल्याने नोकरी करणाऱ्याचे जे जाते, त्याच्या तुलनेत जोडीदाराचे जे वाचते ते पुष्कळ वेळा कितीतरी मोठे असते.

मुलांचे शिक्षण हा या निवडीतला दुसरा मोठा घटक आहे, आणि येथे ठिकाणाइतकीच वेळही महत्त्वाची असते. बदलीच्या नोकरीत केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांची आबाळ होऊ नये म्हणून 1963 साली केंद्रीय विद्यालये सुरू झाली. खासगी नोकरी करणाऱ्यांना तशी हक्काची सोय नाही. महाराष्ट्रात राज्याच्या वाट्यातील वैद्यकीय प्रवेशासाठी सामान्यतः अधिवास प्रमाणपत्राबरोबर दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा राज्यातूनच उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात, त्यामुळे नववीत असलेल्या मुलाला घेऊन राज्याबाहेर जाणे वा बाहेरून राज्यात येणे हा निर्णय पुढील अनेक वर्षांवर परिणाम करतो. अशा वेळी काही कुटुंबे एक-दोन वर्षे दोन बिऱ्हाडे ठेवतात. त्याकडे संसार मोडल्यासारखे पाहण्याचे कारण नाही. प्रत्येकाचे नुकसान विचारपूर्वक वाटून घेण्याचा तोही एक मार्ग आहे, फक्त त्याला शेवटची तारीख आधीच ठरलेली असावी.

नवे शहर दुरून कळत नाही, म्हणून पहिले घर विकत न घेता भाड्याने घ्यावे आणि ते पारखण्याचे वर्ष मानावे, हा सल्ला जुनाच असला तरी त्याची एक बाजू दुर्लक्षित राहते. महाराष्ट्रात बहुतेक घरे ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीने, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी वापराची परवानगी देणाऱ्या कराराने दिली जातात. 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. आता नोंदणी करणारा माणूस संगणक आणि अंगठ्याच्या ठशाचे यंत्र घेऊन घरीच येतो. दलाल विचारतो, ‘करार कोणाच्या नावावर करायचा?’ आणि ज्याची नोकरी त्याचे नाव सांगितले जाते. दोन मिनिटांत संपणाऱ्या या प्रसंगाचे परिणाम वर्षभर टिकतात. नव्या शहरात बँकेतील पत्ता बदलणे, मतदारयादीत स्थलांतराची नोंद करण्यासाठी 8 क्रमांकाचा अर्ज भरणे, गॅसची जोडणी घेणे अशा कामांना पत्त्याचा पुरावा लागतो, आणि करारात नाव नसलेल्या जोडीदाराला प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या कागदाचा आधार घ्यावा लागतो. करारात दोघांचीही नावे घालता येतात. एवढ्या साध्या कृतीने सोबत आलेली व्यक्ती त्या शहराची स्वतःच्या नावाने रहिवासी होते. त्याचबरोबर करारातील ‘लॉक-इन’ची, म्हणजे घर सोडता न येण्याची, मुदत शक्य तितकी कमी ठेवावी, जेणेकरून जोडीदाराला काम शहराच्या दुसऱ्या भागात मिळाले तर घर त्या बाजूला सरकवता येईल.

दोघांच्या कामाचा मेळ घालण्याची ही अडचण एका कुटुंबापुरती राहत नाही, ती प्रदेशांचा समतोलही बदलते. अमेरिकेतील उच्चशिक्षित जोडप्यांचा अभ्यास करून डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान यांनी 2000 साली दाखवले की अशा जोडप्यांपैकी 1940 मध्ये 32 टक्के मोठ्या महानगरांत राहत होती, तर 1990 मध्ये हे प्रमाण 50 टक्क्यांवर गेले. दोघांनाही साजेशी नोकरी मिळण्याची शक्यता मोठ्या शहरातच अधिक, हे त्यामागचे मुख्य कारण त्यांनी सांगितले. मुंबई, पुणे आणि बंगळूरकडे सुशिक्षित मराठी जोडप्यांचा ओढा असण्यामागेही हेच कारण काम करते. जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टर किंवा प्राध्यापक टिकत नाहीत अशी तक्रार होते तेव्हा त्यांच्या पगाराची आणि निवासाची चर्चा होते, त्यांच्या जोडीदाराच्या कामाची होत नाही. गडचिरोली, नंदुरबार किंवा हिंगोलीत तज्ज्ञ माणूस राहावा असे खरोखर वाटत असेल, तर त्याच्या सोबत येणाऱ्याला तेथे काय करता येईल या प्रश्नाचे उत्तर शासनाने आणि संस्थांनी नेमणूकपत्राबरोबरच दिले पाहिजे.

परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न आणखी तीव्र होतो, कारण तेथे काम करण्याचा हक्कच परवान्यावर अवलंबून असतो. अमेरिकेत एच-1बी परवान्यावर गेलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला एच-4 परवाना मिळतो आणि त्यावर एरवी नोकरी करता येत नाही. 2015 पासून यांतील काहींना कामाची अनुमती मिळू लागली, तीही मुख्य परवानाधारकाच्या कायम वास्तव्याचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोहोचल्यानंतरच. अभियंता किंवा दंतवैद्य असलेल्या कितीतरी मराठी स्त्रियांची उमेदीची वर्षे या प्रतीक्षेत गेली आहेत. अशा ठिकाणी जायचेच असेल तर निदान असे उपनगर निवडावे, जेथे गाडीवाचून बाहेर पडता येते, सार्वजनिक ग्रंथालय आणि महाविद्यालय जवळ आहे, आणि मराठी मंडळाखेरीज स्थानिकांशीही संबंध जुळू शकतो.

हे सारे विवेचन स्त्रीला सोबत येणारी गृहीत धरून झाले, कारण आजचे वास्तव बहुतांशी तसे आहे. तत्त्व मात्र दोघांना सारखेच लागू आहे. पत्नीच्या बदलीमागे गेलेल्या पतीची कुचंबणा वेगळ्या प्रकारची असते. त्याला काम नसण्याबरोबरच ‘साहेब काय करतात?’ या शेजाऱ्यांच्या प्रश्नालाही सामोरे जावे लागते, आणि त्याच्या त्यागाला मान देणारी कोणतीही रूढी समाजात नाही. त्याच्यासाठीही घराची निवड तितक्याच काळजीने व्हायला हवी.

अखेरीस प्रश्न हिशेब कसा मांडायचा एवढाच आहे. एका जोडीदाराने दुसऱ्याच्या नोकरीसाठी गाव सोडणे हे दानही नाही आणि कर्तव्यही नाही. ते दोघांच्या समाईक खात्यातून एकाने केलेला खर्च आहे, आणि त्याची नोंद ठेवणे हे प्रेमाच्या विरुद्ध नसून प्रेम टिकवण्याची ती अट आहे. घर निवडताना सोबत आलेल्याला प्राधान्य देणे हा त्या खर्चाच्या परतफेडीचा पहिला हप्ता होय. पुढच्या वेळी संधी त्याच्या किंवा तिच्या दारी येईल तेव्हा हलण्याची पाळी आपली, हे आधीच मान्य करणे हा दुसरा. ज्या कुटुंबात हे दोन्ही हप्ते ठरलेले असतात, तेथे नोकरी कोणाची आणि घर कोणाचे हा वाद उरत नाही, आणि नव्या शहरात दोन माणसांना दोन आयुष्ये उभी करता येतात.